संकष्टीची सेटिंग

मराठीत ‘सेटिंग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक यंत्राविषयीचा, दुसरा माणसाविषयीचा. पहिल्या अर्थाने यंत्राकडून त्याचे नेमून दिलेले काम करून घेतात. दुसऱ्या अर्थाने माणसाकडून त्याने न करायचे काम करून घेतात. निवृत्तीनंतर माझा व्यवसाय पहिल्या अर्थावर चालला. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहान कारखान्यांत मला ‘सेटिंगवाले काका’ म्हणत. हे नाव मी मागितले नव्हते. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळला, तेथे मला आडनावापुढे ‘साहेब’ लावून हाक मारण्याची रीत होती. चाकणच्या पट्ट्यात माणसाला त्याच्या उपयोगावरून नाव पडते. क्रेनवाला, भंगारवाला, टँकरवाला. त्या पंक्तीत बसण्यास माझी हरकत का असावी, हे मला स्वतःलाच नीट सांगता येईना, तेव्हा मी गप्प बसलो.

काम काय होते ते आधी सांगणे भाग आहे, कारण बाहेरच्या माणसाला ते काम वाटत नाही. आमच्या निगडीच्या सोसायटीत अजूनही अनेकांची समजूत आहे की मी कारखान्यांत जाऊन संगणक पुसत असे.

मोठी मोटार कंपनी स्वतः फार थोड्या वस्तू बनवते. ती जुळवते. सुटे भाग भोवतालचे लहान कारखाने पुरवतात. माल पाठवण्यापूर्वी पुरवठादाराने कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन नोंद करायची आणि रेघांचे एक लेबल छापून खोक्यांवर चिकटवायचे. लेबल नसेल तर कंपनीच्या गेटवर गाडी आत घेत नाहीत. त्या संकेतस्थळाला सगळे ‘पोर्टल’ म्हणत. ते ज्याने कोणी बांधले, त्याने ते त्या काळच्या एकाच ब्राउझरच्या मापाने शिवले होते. ब्राउझर म्हणजे इंटरनेट पाहण्याची खिडकी. आणि ही खिडकी निळ्या ‘ई’ची, जी वाचकांना आठवत असेल. पुढे ती खिडकी तिच्या कर्त्यांनीच बंद केली. पोर्टल तसेच राहिले. शिंपी गेला, गिऱ्हाईक गेले, अंगरखा उभा.

नव्या ब्राउझरमध्ये अशा पोर्टलांसाठी एक सोय ठेवलेली असते. ‘अमुक पान जुन्या पद्धतीने उघड’ असे त्याला सांगता येते. नव्या घरात जुन्या सासूबाईंसाठी मागची खोली राखावी, तसा हा प्रकार. मात्र खोलीची परवानगी तीस दिवसांचीच. मुदत संपली की ब्राउझर सांगितलेले विसरतो. विसरलो असेही तो सांगत नाही. पान उघडते, लेबलाचे बटण दिसते, ते दाबले जाते आणि काहीही होत नाही. दाराशी गाडी भरून उभी, चालक दुसरा चहा घेऊन परत आलेला, आणि कार्यालयात चारचौघे एकाच बटणावर आळीपाळीने बोट दाबत उभे. या प्रसंगी मला दूरध्वनी येत असे.

यावर कायमचा उपाय नव्हता असे नाही. लेबल छापण्याचे संगणक कंपनीनेच पुरवठादारांना दिलेले होते आणि त्यांतल्या कायमच्या नोंदींना आतून कुलूप होते, जे कंपनीलाच उघडता येई. कंपनीने आपल्या कायमच्या यादीत या पोर्टलचा पत्ता एकदा घातला असता, तर सर्वांचा प्रश्न मिटला असता आणि माझा व्यवसायही. मी तशी विनंती केली. उत्तर आले की सदर पोर्टल बंद करण्यात आलेले असल्याने त्याचा समावेश करता येत नाही. हे खरे होते. कंपनीने नवे पोर्टल आणले होते, त्याचे उद्घाटन झाले होते, समईची वात लावतानाचे छायाचित्र स्वागतकक्षात टांगले होते. नव्या पोर्टलवर सर्व काही होते. लेबल मात्र जुन्यावरच छापावे लागे. जे कागदोपत्री मृत आहे त्याच्यावर औषधोपचार कोण मंजूर करणार? ही सर्व व्यवस्था हिंजवडीतून पाहिली जाई. हिंजवडीतून परदेशांतल्या बँका चालवतात. चाकणचे एक लेबल तेथून हलत नव्हते. मधल्या रस्त्यावरची वाहतूक पाहता मी त्यांना फार दोष देत नाही.

ग्राहक नाना प्रकारचे होते. भोसरीच्या एका मालकांनी खंडेनवमीला लेथ, ड्रिल आणि संगणक यांची एकाच श्रद्धेने पूजा केली. त्यांची सही ज्यात साठवलेली होती ती अंगठ्याएवढी किल्ली संगणकाला लावावी लागे. तिच्याही तोंडात हळदकुंकू गेले. मी ती पुसायला घेतली तेव्हा ते म्हणाले, “काका, पूजेचं पुसू नका. दसऱ्याच्या सकाळपर्यंत राहू दे.”

“मग सही कशी उमटणार?”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं. काहीतरी सेटिंग करा.”

कुरुळीच्या एका पर्यवेक्षकाने मला टाळण्यासाठी संगणकाची तारीखच मागे नेली. महिना संपलाच नाही असे ब्राउझरला वाटावे, हा हेतू. ब्राउझरला तसे वाटले. लेबलांवर मात्र गेल्या आठवड्याची तारीख छापली गेली. कुरुळीच्या ज्या शेडमधून कंपनीचे गेट दिसते, तेथून माल यायला आठवडा का लागला, याचा खुलासा त्या गृहस्थाला पहारेकऱ्यापुढे करावा लागला. पुढे एकेक करून सगळीच संकेतस्थळे उघडेनाशी झाली, कारण मागच्या तारखेला राहणाऱ्या संगणकावर कोणी विश्वास ठेवत नाही. माणसांना हा नियम लागू नसावा.

आणि भोसरीचेच पाटेशेठ. त्यांनी एके दिवशी मला चहा पाजून सांगितले, “काका, आता येऊ नका. आमची गेटवरच सेटिंग झाली.”

“म्हणजे?”

“म्हणजे लेबल नसलं तरी गाडी जाते. आतला माणूस रजिस्टरला ‘संगणक बंद’ लिहितो आणि हाताने चिठ्ठी लावतो. राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा परवडतं. तुमची सेटिंग महिन्यात उतरते. त्यांची दिवाळी ते दिवाळी चालते.”

तुलना चोख होती. मी चहा संपवला. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. मात्र एक गोष्ट त्या दिवशी समजली. ब्राउझरचे ते विसरणे पट्ट्यातल्या काही लोकांना फार उपयोगी पडत होते. जेथे माझी सेटिंग संपे, तेथे त्यांची सुरू होई.

आता माणिकरावांविषयी. ज्यांच्यामुळे हा लेख लिहितो आहे, ते हे. चाकणच्या पलीकडचे जुने घराणे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा त्यांच्या भावकीने मोठाल्या गाड्या घेतल्या. माणिकरावांनी पत्रा दाबून कापणारे प्रेस घेतले. उरलेल्या तुकड्यावर शेड घातली आणि मोटारीच्या सीटखाली बसणारी एक पत्र्याची पट्टी बनवू लागले. ती पट्टी कोणी कधी पाहत नाही. ती नसेल तर सीट पुढे-मागे सरकत नाही. गावातल्या बायका प्रेसवर कामाला होत्या. कंपनी हे त्यांचे एकच गिऱ्हाईक आणि ती पट्टी हा एकच माल. ती ऑर्डर गेली तर शेडला कुलूप, हे तेथे प्रत्येकाला माहीत होते आणि कोणी बोलून दाखवत नसे.

कार्यालय त्यांची सून अश्विनी पाहत असे. बी.कॉम. झालेली, माहेर जुन्नरकडचे, बोलणे नेमके. पहिल्या भेटीतच तिने मला विचारले, “काका, हे नक्की किती दिवस टिकतं?”

“तीस.”

“महिना नाही, तीस?”

“तीस.”

तिने भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले आणि म्हणाली, “मग तुम्ही दर संकष्टीला येत जा.”

मी कारण विचारले. ती म्हणाली, “एक तारखेला या म्हटलं तर एकतीसच्या महिन्यात आम्ही अडकणार. संकष्टी एकोणतीस नाहीतर तीस दिवसांनी येते. पुढे कधी जात नाही. आणि उपास असतो, त्यामुळे मी विसरत नाही.”

मी हिशेब करून पाहिला. ती बरोबर होती. इंग्रजी तारखेने चालणारे माझे बाकीचे ग्राहक वर्षातून काही वेळा अडकतच. माणिकरावांची गाडी एकदाही अडली नाही. मी स्वतः उपास करीत नाही आणि ग्रहगोलांशी माझा संबंध नाही. तरीही चतुर्थीला माझा फेरा चाकणला ठरून गेला. माणिकराव दारातच म्हणत, “या काका. गणपती आन् तुमी एकाच दिवशी. फरक इतकाच, गणपतीला मोदक लागत्यात आन् तुमाला पासवर्ड.”

ज्या संकष्टीविषयी सांगायचे आहे, त्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा शेडसमोर एक परकी पांढरी गाडी उभी होती आणि प्रेस बंद होते. प्रेसचा आवाज बंद असला की त्या शेडमध्ये माणसे हळू बोलतात.

झाले होते ते असे. गेटवर पैसे घेऊन बिनलेबलाच्या गाड्या सोडतात, अशी निनावी तक्रार कंपनीच्या मुंबईच्या कार्यालयात गेली होती. दक्षता विभागाचे श्री. वर्दे चौकशीला आले होते. ज्यांच्या गाड्यांपुढे वारंवार ‘संगणक बंद’ असा शेरा पडतो त्यांना आधी विचारावे, असे सामान्य बुद्धीला वाटेल. दक्षता विभागाची बुद्धी सामान्य नसते. वर्दे यांनी शोधून काढले की सर्व पुरवठादारांत एकाची गाडी कधीच अडलेली नाही. आणि ते थेट माणिकरावांकडे आले.

त्यांचे आणि अश्विनीचे जे बोलणे झाले, ते तिने मला नंतर शब्दशः सांगितले.

“तुमची गाडी गेटवर कधीच थांबत नाही. कारण काय?”

“सर, आमची सेटिंग आहे ना.”

वर्दे यांनी म्हणे पेनाचे टोपण काढले. “कोणाबरोबर?”

“बरोबर म्हणजे? पोर्टलसाठी. काका येतात आणि करून जातात.”

“कोण काका?”

“सेटिंगवाले काका. सगळ्यांना माहीत आहेत.”

“किती दिवसांनी येतात?”

“दर संकष्टीला.”

“चुकत नाहीत?”

“नाही सर. एकदा चुकलं की गाडी अडणारच. म्हणून मी आदल्या दिवशी फोन करते.”

“पैसे देता?”

“देतो की. फुकट कोण करेल?”

“कंपनीतल्या कोणाला हे माहीत आहे?”

“कंपनीच्याच माणसानं सांगितलं, सर. म्हणाला, आमच्याकडून काही होणार नाही, काकांकडून सेटिंग करून घ्या.”

त्या मुलीने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. इतका संपूर्ण कबुलीजबाब वर्दे यांना त्यांच्या नोकरीत क्वचितच मिळाला असेल.

याच क्षणी मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. माणिकरावांच्या जिवात जीव आला. ते वर्दे यांना म्हणाले, “ह्ये बघा, आलं. ह्येच सेटिंगवालं काका. काय इचारायचं त्ये ह्यांलाच इचारा सायेब.”

वर्दे साधारण चाळिशीचे, इस्त्रीचे कपडे, आवाज खालचा. त्यांनी मला बसा म्हटले नाही. माणिकरावांच्या शेडमध्ये मला बसा म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हताच, म्हणून मी बसलो.

“आपण नेमके काय करता?” त्यांनी विचारले.

मी सांगितले. जुना ब्राउझर, नवा ब्राउझर, तीस दिवस. वाचकांना वर जेवढे सांगितले, तेवढेच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि आपल्याकडचा एक कागद पाहिला.

“हे पोर्टल तर बंद झालेले आहे.”

“होय.”

“म्हणजे जे पोर्टल अस्तित्वात नाही, त्यासाठी आपण दर महिन्याला इथे येऊन सेटिंग करता आणि त्याचे पैसे घेता.”

“होय. लेबल त्याच्यावरच छापावे लागते.”

“असे आमच्या दस्तऐवजात नाही.”

“दस्तऐवज हिंजवडीत आहे. लेबल इथे आहे.”

माणिकराव मधे म्हणाले, “काका, जरा गोडीनं घ्या. पट्टीचा सवाल हाय.”

ते बरोबर होते. वर्दे यांचा अहवाल गेला की चौकशी पूर्ण होईपर्यंत पुरवठा स्थगित, असा नियम होता. कंपनीच्या चौकशा कशा पूर्ण होतात हे पट्ट्याला ठाऊक आहे. तोवर पट्टी दुसरा कोणी बनवू लागतो आणि निर्दोष ठरलेला माणूस निर्दोषच राहतो. आत प्रेसजवळ बायका स्टुलांवर बसून होत्या. त्यांना काही विचारायची गरज नव्हती.

मी वर्दे यांना म्हणालो, “दाखवतो. चला.”

मुदत त्याच सकाळी संपली होती. अश्विनीने बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. काही झाले नाही. मग मी ब्राउझरच्या आतल्या पानावर गेलो, पोर्टलचा पत्ता पुन्हा नोंदवला, लेबलाची छोटी खिडकी अडवली जाऊ नये म्हणून तीही परवानगी तपासली, ब्राउझर बंद करून उघडला. अश्विनीने बटण दाबले. छापयंत्र घरघरले आणि लेबल बाहेर आले. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी माझ्या आयुष्यात कोणापुढे ठेवलेला नाही.

वर्दे यांनी लेबल हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे आपण आलात की ते चालू होते, आणि ठरावीक मुदतीने ते बंद पडते. मग आपल्याला पुन्हा बोलवावेच लागते.”

“होय.”

“गेटवरच्यांचीही पद्धत नेमकी हीच आहे.”

उपमा योग्य होती. गेली काही वर्षे मी मनाशी तीच करीत आलो होतो. फक्त माझ्या मनात त्या जागी मी नव्हतो, ब्राउझरचे कर्ते होते.

“मी काही करत नाही, तो ब्राउझर विसरतो,” मी म्हणालो.

“तेही असेच सांगतात. यंत्र बंद आहे, आम्ही काय करणार.”

अश्विनी उठून आत गेली आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या ताटल्या घेऊन आली. वर्दे यांनी हात आडवा केला. चौकशीच्या ठिकाणी काही स्वीकारता येत नाही. माणिकराव म्हणाले, “आवो सायेब, उपासाचं हाय. उपासाच्याला लाच म्हनत न्हाईत.” वर्दे हसले नाहीत. मीही खाल्ले नाही, कारण आरोपीने एकट्याने खाणे बरे दिसत नाही. माणिकरावांनी मात्र आपली ताटली संपवली. ते काळजीत असले की जेवत असत.

वर्दे यांनी तेथेच अहवाल लिहिला. आपला लॅपटॉप उघडून त्यांनी बराच वेळ टंकले. आम्ही तिघे समोर बसून होतो, निकाल ऐकायला बसावे तसे. लिहून झाल्यावर त्यांनी दक्षता विभागाच्या संकेतस्थळावर तो चढवायला घेतला. कळ दाबली. थांबले. पुन्हा दाबली. लॅपटॉप थोडा वळवला. पुन्हा दाबली. त्या हालचाली मला नवीन नव्हत्या. अश्विनीलाही नव्हत्या.

“नेटवर्क इथे असेच आहे का?” वर्दे यांनी विचारले.

“नेटवर्क चांगलं आहे सर,” अश्विनी म्हणाली. “लेबल आत्ताच छापलं ना.”

त्यांनी आणखी एकदा दाबली. मग त्यांच्या विभागात कोणाला तरी दूरध्वनी लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू आले. “सर, तुमचा लॅपटॉप नवीन दिला ना आता, त्यात ते नाही होणार. ते जुन्या ब्राउझरमध्ये उघडतं. इकडे आल्यावर आपल्या ऑफिसातल्या मुलाकडून सेटिंग करून घ्या.”

वर्दे यांनी दूरध्वनी ठेवला. मी खिडकीबाहेर पाहिले. अशा वेळी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहू नये, एवढी रीत मला कारखान्याने शिकवली आहे.

बोलले ते माणिकराव. अगदी आदराने बोलले. “काका, सायबांची बी सेटिंग करून द्या की. आज संकष्टी हाय.”

मी वर्दे यांच्याकडे वळलो. लॅपटॉप दुरुस्त केला तर माणिकरावांच्या विरुद्धचा अहवाल माझ्याच हाताने रवाना होणार, हे मला दिसत होते. नाही केला तर तोच अहवाल मुंबईहून जाणार, अधिक चिडलेल्या शब्दांत. काम नाकारण्याची मला सवय नाही. पण एक गोष्ट आधी ठरवून घेणे आवश्यक होते.

“करून देतो,” मी म्हणालो. “त्यापूर्वी या कामाला काय म्हणायचे ते आपण सांगा. मी आपल्या लॅपटॉपवर आत्ता जे करीन, त्याचे नाव काय?”

“कॉन्फिगरेशन,” ते म्हणाले.

“आणि मघाशी या संगणकावर केले ते?”

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला, अहवाल उघडला आणि काही ओळी खोडून काही नव्या लिहिल्या. काय लिहिले ते मला दाखवले नाही आणि मी पाहिलेही नाही. नंतर लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी पत्ता नोंदवला, खिडकीची परवानगी दिली. अहवाल गेला.

“हे किती दिवस टिकेल?” त्यांनी विचारले.

“पुढच्या संकष्टीपर्यंत,” अश्विनी म्हणाली.

पट्टीचा पुरवठा थांबला नाही. काही दिवसांनी सर्व पुरवठादारांना एक परिपत्रक आले. त्यात गेटवरच्या गैरप्रकारांचा उल्लेख नव्हता. पुरवठादारांनी कंपनीच्या संगणकीय कामकाजासंदर्भात ‘सेटिंग’ हा शब्द वापरू नये, त्याऐवजी ‘संरचना’ म्हणावे, असे त्यात होते. चौकशीचे फलित एवढेच. पुढच्या चतुर्थीला माणिकराव दारात म्हणाले, “या काका. ती आपली सौंरचना उतरली बगा.” पट्ट्यातल्या इतरांनीही तो शब्द आज्ञाधारकपणे उचलला. वर्षाच्या आत गेटवरही ‘संरचना’ होऊ लागली आणि तिचा भावही तोच राहिला. भाषाशुद्धीचे याहून वेगवान कार्य माझ्या पाहण्यात नाही.

पाटेशेठकडे कोणी चौकशीला गेले नाही. त्यांच्या नावापुढे ‘संगणक बंद’ हा शेरा इतक्या वेळा होता की कंपनीच्या दृष्टीने ते पीडित होते.

पुढे कंपनीने ते जुने पोर्टल खरोखरच बंद केले. आता लेबल मोबाइलवरून निघते आणि काहीच विसरत नाही. माझे काम संपले. मला त्याचे दुःख नाही. जे काम मुळात असायलाच नको होते, ते उत्तम केल्याचा अभिमान किती बाळगावा, याला मर्यादा आहे. थोडा बाळगतो.

त्याच सुमारास कंपनीने नवी मोटार आणली. तिच्या सीटखाली नवी पट्टी. माणिकरावांनी नमुना दिला होता. तपासणीत तो पहिला आला होता, हे मला आतल्या माणसाने सांगितले. ऑर्डर पाटेशेठना मिळाली. जुन्या मोटारीची पट्टी थोडे दिवस चालली, मग ती मोटार बंद झाली. माणिकरावांच्या शेडमध्ये हल्ली एका पंप-कारखान्याच्या वॉशर निघतात. सगळे प्रेस लागत नाहीत. सगळ्या बायकाही.

ऑर्डर गेल्याचे कळले त्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला होता. चतुर्थी नव्हती, त्यामुळे मला आश्चर्य वाटले.

“काका, एक इचारायचं व्हतं.”

“विचारा.”

“ती दुसरी सेटिंग असती ना, मानसांची. ती तुमाला येती का वो?”

“नाही, माणिकराव.”

“शिकला न्हाई तुमी?”

“नाही.”

पलीकडे एकच प्रेस चालल्याचा आवाज येत होता. तेवढ्यावरून तो किती टनांच्या दाबाचा ते मी सांगू शकलो असतो.

“मंग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आमाला तरी कुटं येती. संकष्टीला खिचडी खायला येत जावा. आता सायेब कोन यायचा न्हाई.”